शंभर टक्के निकाल आणि पटावरून गळालेली नावे



दहावीचा निकाल लागला की आमच्या पाचोऱ्यात आणि भोवतालच्या खेड्यांत शाळांच्या दारावर फलक झळकू लागतात. निकाल 98 टक्के, निकाल 100 टक्के, आणि खाली पहिल्या पाच विद्यार्थ्यांची छायाचित्रे. हे पाहून आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे, आणि तो मलाही होतो. तथापि वकिलीच्या धंद्याने मला एक खोड लावली आहे. शंभर टक्के म्हणजे कितींपैकी किती, हे विचारल्यावाचून मी कोणताही आकडा मान्य करीत नाही. परीक्षेस बसलेली सारी मुले उत्तीर्ण झाली, हे खरे असेल. परंतु दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेच्या आठवीच्या हजेरीपटावर किती नावे होती? त्यांतील किती परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचली? आणि जी उत्तीर्ण झाली, त्यांतील किती आणखी दोन वर्षांनी महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली आढळतील? फलकावर याचे उत्तर नसते, कारण ते विचारणारा कोणी नसतो.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझा एक चुलतबंधू तालुक्यातील एका खेड्यात मोलमजुरी करून राहतो. काही वर्षांपूर्वी त्याचा मुलगा नववीत नापास झाला. शाळेने (तिचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही) बापास बोलावून सांगितले की, मुलगा दहावीत टिकणार नाही, तेव्हा दाखला घेऊन जा आणि पुढे बाहेरून 17 नंबरचा फॉर्म भरा. त्याने अर्जावर सही केली. तीन महिन्यांनी दुसऱ्याच एका कामासाठी तो माझ्याकडे कोर्टात आला, तेव्हा बोलता बोलता ही गोष्ट निघाली. "भाऊ, मास्तर सांगतात ते आपल्या भल्याचंच असंल, म्हणून सही दिली," असे तो म्हणाला. मी दाखला मागवून पाहिला. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिले होते: पालकाच्या विनंतीवरून.

वकील या नात्याने मला त्यावर बोलण्यास काही उरले नाही. कागद पाहता शाळेने मुलास काढलेच नव्हते. बापाने त्यास आपण होऊन नेले होते. त्या वर्षीच्या फलकावर त्या शाळेचा निकाल उत्तम होता. मुलाने 17 नंबरचा फॉर्म पुढे कधी भरला नाही. तो आज एका जिनिंगमध्ये गाठी वाहतो. मी त्याच तालुक्यात वकिली करीत असता मला तीन महिने याचा पत्ता नव्हता, हा दोष मात्र माझा आहे आणि तो मी येथे कबूल करतो.

शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले, या समजुतीवर बाबासाहेबांनी फार पूर्वी बोट ठेवले होते. 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ 18 चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात. त्यांनी किती मुले शाळेत आली हे मोजले नाही, तर किती टिकली हे मोजले. आज चौथी ही अडचण राहिलेली नाही. गळतीचे ठिकाण वर सरकले आहे. ते आठवी आणि बारावी यांच्या दरम्यान आले आहे. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 18 ते 23 या वयोगटातील अनुसूचित जातींचे महाविद्यालयीन पटाशी प्रमाण 25.9 टक्के होते. ठोकळमानाने चारांतील तिघे बाहेरच आहेत.

हे ठिकाण नेमके तेथेच का आले, याचे एक कारण कायद्यात आहे आणि ते आपल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक असले पाहिजे. घटनेच्या मूळ 45 व्या अनुच्छेदाने 14 वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे सांगितले होते. दहाची बावन्न वर्षे झाली तेव्हा 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती होऊन तो मूलभूत हक्क ठरला, आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्या कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. परंतु हे सर्व आठवीच्या शेवटच्या दिवशी संपते. नववीच्या उंबरठ्यावर कायदा मुलाचा हात सोडतो, आणि निकालाच्या टक्केवारीची चिंता शाळेस लागते तीही तेथूनच. अशा जागी बापाची एक सही पुरेशी होते.

यास्तव माझे पहिले सांगणे असे की, नववी-दहावीतील मुलाचा दाखला शाळेच्या सूचनेवरून कदापि मागू नये. मुलगा नववीत नापास झाला तर तो त्याच वर्गात पुन्हा बसू शकतो. त्यासाठी दाखला घ्यावा लागत नाही. दहावीत एखाद-दोन विषय राहिले तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आणि दोन विषयांपर्यंत अनुत्तीर्ण झालेल्यास एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत प्रवेश मिळतो. म्हणजे दुबळा विद्यार्थी परीक्षेस बसला तर त्याचे स्वतःचे फारसे नुकसान होत नाही. नुकसान झाले तर ते फलकाचे होते.

आता हायस्कूलने काय करावे? मी शिक्षक नाही, आणि शिक्षकांस शिकविण्याचा आव आणणे मला शोभणार नाही. खेड्यातील अनुदानित शाळेत जागा रिक्त असतात, निवडणुकीची व मोजणीची कामे शिक्षकांच्याच डोक्यावर असतात, हेही मी जाणतो. परंतु काही गोष्टी पैशावाचून होण्यासारख्या आहेत. दिवाळीच्या पुढेमागे आमच्या भागात कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्गातली बाके रिकामी पडू लागतात. त्यांत आपली मुले अधिक असतात, कारण आपल्यांत शेतमालक थोडे आणि मजूर फार. वेचणी किलोवर असते, चार हात अधिक लागले तर चार पैसे अधिक येतात. आईबापांस दोष देऊन येथे काही साधणार नाही. ही गैरहजेरी दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येते, तर तिची तजवीजही आगाऊ ठरलेली असावी. बुडालेले गणित आणि इंग्रजी जानेवारीत सायंकाळी पुन्हा शिकविण्याचा वर्ग ठेवावा. शाळेत दिवा नसेल तर आपल्या विहारात आहे. विहार वर्षातून चार दिवस गजबजावा आणि एरवी कुलूपबंद राहावा, हे मला स्वतःला फार खटकते.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ती उत्तीर्ण होणाऱ्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. एका मजूर घरात मूल शाळेत ठेवायचे की कामास लावायचे याचा निवाडा इतक्या रकमेवर फिरू शकतो. ज्या शाळेत या परीक्षेस दोन-चारच हुशार मुले बसविली जातात, तेथे पालकांनी त्याचे कारण अवश्य विचारावे.

तथापि माझ्या अनुभवात आपली मुले सर्वांत अधिक अडतात ती कागदांपाशी. बारावीस चांगले गुण मिळविलेला मुलगा अभियांत्रिकीच्या किंवा परिचर्येच्या प्रवेशाच्या वेळी वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून धावत माझ्याकडे येतो, आणि तेव्हा हाती पंधरा दिवसही नसतात. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या नावाचा उतारा, नसतील तर कोतवाल बुकाची नक्कल आणि वंशावळ. आपले पूर्वज शाळेत गेले नाहीत, कारण त्यांस जाऊ दिले नाही. आणि आज त्यांच्या शाळेचाच कागद आपणांकडे मागितला जातो. हा कायद्याचा विनोद असला तरी तो चुकवून पुढे जाता येत नाही. म्हणून शोध नववीतच सुरू व्हावा. उतारे काढणे, प्रांत कार्यालयातून जातीचे प्रमाणपत्र घेणे, जळगावच्या पडताळणी समितीकडे जाण्याची तयारी ठेवणे, यांस दोन वर्षे लागली तरी मग चालतात.

नवदीक्षित कुटुंबांनी येथे विशेष सावध असावे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश 1990 साली झाला. महाराष्ट्राने आपल्या सवलती 1960 नंतर आधीच दिल्या होत्या. तेव्हा धर्म बदलला म्हणून शिक्षणातील सवलत जात नाही. परंतु ती मिळते मूळच्या अनुसूचित जातीच्या आधारावर. धम्मदीक्षा घेतल्यावर पुष्कळजण उत्साहाने शाळेच्या रजिस्टरात धर्म आणि जात या दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' असेच लिहवितात. जी जात आपण टाकून आलो, ती पुन्हा लेखणीने लिहावी याने मन विटते, आणि ज्यांचे विटत नाही त्यांच्याविषयी मला काळजी वाटते. तरीही धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात कायद्यास लागणारी मूळ नोंद, असेच लिहवावे. नपेक्षा त्याची किंमत पुढे मुलगी भरते. नाव, आडनाव आणि जन्मतारीखही शाळेत असतानाच तपासून घ्यावी. माध्यमिक शाळा संहितेच्या 26.4 या नियमामुळे शाळा सोडल्यावर नोंदीची दुरुस्ती फार जिकिरीची होते. माझ्या वकिलीचा बराचसा भाग अशा एका अक्षराच्या चुका निस्तरण्यात गेला आहे.

2025-26 पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. पूर्वी पोर गुणपत्रक घेऊन पाचोऱ्याच्या कॉलेजात जाई आणि तेथील कारकून त्यास सांभाळून घेई. आता दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम भरावा लागतो, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. हा फॉर्म घाईघाईने कॅफेवाल्याकडून भरून घेणे म्हणजे मुलाचे भवितव्य परक्याच्या बोटाखाली देणे होय. तो शाळेत, शिक्षकासमोर, पालकास शेजारी बसवून भरला जावा. त्याच बैठकीत विज्ञान, वाणिज्य की कला, याचीही चर्चा व्हावी. आपल्या मुलाने कला शाखाच घ्यावी असे जणू आधीच ठरलेले असते. साठ टक्के मिळालेल्या दोन मुलांस दोन निरनिराळे सल्ले मिळताना मी पाहिले आहेत.

राहता राहिला जाण्यायेण्याचा प्रश्न. जामनेरकडे जाणारी आमची छोटी पी. जे. गाडी 2020 पासून बंद पडली, आणि शेंदुर्णी-वरखेडीकडच्या लोकांस आता एस. टी. वाचून गत्यंतर नाही. मुलींस बारावीपर्यंत एस. टी. चा पास मोफत आहे. तो काढून देणे हे शाळेचे काम आहे. पुढे शहरात शासकीय वसतिगृह न मिळाल्यास 2016-17 पासूनची स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत जाते. वसतिगृहाची बाब बाबासाहेबांस किती जिव्हाळ्याची होती हे निराळे सांगावयास नको. येथून जवळच असलेल्या चाळीसगावात 23 ऑक्टोबर 1929 रोजी टांगा उलटून त्यांचा पाय मोडला. स्पृश्य टांगेवाला त्यांस नेण्यास तयार नव्हता, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका बांधवाने तो हाकला होता. ते खानदेशात आले होते अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीचे सभासद म्हणून, आणि त्या समितीच्या शिफारशींत शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढवावीत हीही होती.

शाळेस इतके सांगितल्यावर आपल्या घराविषयी बोलणे भाग आहे. दहावी झाली की मुलीसाठी स्थळे पाहणारे बाप आपल्यांतही आहेत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेस जेवढी वर्गणी जमते, तेवढ्यात विहारातील अभ्यासिका वर्षभर चालेल. हे मी मंडळाच्या बैठकीत बोललो तेव्हा तरुणांस आवडले नाही. त्यांस आवडो न आवडो, मी ते पुन्हा बोलणार आहे. पालकसभेस आपली हजेरी तर अगदीच अल्प असते. मजुरी बुडते, हे खरे आहे. परंतु जेथे आपण नसतो तेथे आपल्या नावाने विनंत्या लिहिल्या जातात.

येत्या पालकसभेत प्रत्येकाने उभे राहून तीनच आकडे मागावेत. आपल्या मुलाच्या तुकडीत आठवीच्या पटावर किती मुले होती, त्यांतील किती दहावीस बसली, आणि मागील तुकडीतील किती आज बारावीत वा महाविद्यालयात आहेत. नावे नकोत, केवळ संख्या. तोंडी उत्तर न मिळाल्यास, अनुदानित शाळा शासनाच्या पैशावर चालते, म्हणून 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांस तेही नाही. असा अर्ज मी कोर्टाच्या आवारात कोणासही विनामूल्य लिहून देईन.

माझ्या चुलतबंधूची धाकटी मुलगी यंदा आठवीत आहे. पुढल्या सभेस तो मजुरी बुडवून जाणार आहे, आणि त्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.