प्रश्नमंजूषेत उजनी कुठे आहे?

शाळेच्या फळ्यावरचे आठवड्याचे पाच प्रश्न, रविवार पुरवणीतले दहा, अभ्यासिकेतली शनिवारची चाचणी. सामान्य ज्ञानाची ही साप्ताहिक परीक्षा आपल्याकडे चांगली रुजली आहे. तिच्याकडे आपण मोजपट्टी म्हणून पाहतो: कुणाला किती येते ते कळावे, पहिले तीन क्रमांक काढावेत, बक्षीस देऊन मोकळे व्हावे. मला तिचे काम याहून मोठे वाटते. उत्तर आठवण्याच्या धडपडीतच ते पक्के होत जाते, म्हणजे प्रश्नमंजूषा ज्ञान घडवतेही. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोगातून दाखवले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. दर आठवड्याला विचारलेला प्रश्न असा डोक्यात घर करतो. म्हणूनच कोणता प्रश्न विचारायचा, ही जबाबदारीची गोष्ट आहे.

आणि इथे आपण कमी पडतो. सोलापुरातल्या मुलालाही देशोदेशीच्या राजधान्या, चलने आणि ‘पहिली महिला कोण’ हेच विचारले जाते. सोलापूर आलेच तर चादरीपुरते, नाहीतर चार हुतात्म्यांच्या नावांपुरते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा ही नावे पाठ असावीतच. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, हेही. पण त्याआधीच्या मे महिन्यात या शहरात काय घडले, हे विचारले जात नाही. गांधीजींना अटक झाल्यावर शहर खवळले, ८ मे १९३० ला गोळीबार झाला, इंग्रजांचा अंमल काही दिवस नावालाही उरला नाही आणि १२ मेला लष्करी कायदा पुकारावा लागला. त्या मधल्या दिवसांत गावाचा कारभार कुणी सांभाळला, असा प्रश्न घातला तर मुलाला नुसते नाव सांगून सुटता येत नाही. चार नावांतली चार वेगवेगळ्या समाजांची घरेही मग त्याला दिसू लागतील.

उजनी धरणाचे उदाहरण तर रोजच्या पोटापाण्याचे आहे. दर उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते आणि घरोघर काळजी सुरू होते. शून्याच्या खाली पाणी कसे जाते, हे किती मुलांना सांगता येईल? धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आहे, उपयुक्त साठा त्याहून कमी, ५३ टीएमसीच्या आसपास. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे होतो, आणि तरीही धरणात पुष्कळ पाणी असते. पुढचा प्रश्न आपोआप येतो: सोलापुरात पाऊस नसताना उजनी भरते कशी? भीमा आणि तिच्या उपनद्या सह्याद्रीवरून पुणे जिल्ह्यातून येतात, म्हणून पावसाळ्यात आपले शेतकरी आभाळाइतकेच दौंडच्या विसर्गाकडे लक्ष ठेवून असतात. या दोन प्रश्नांत भूगोल आहे, गणित आहे आणि पाणीवाटपाचे राजकारणही आहे.

मोबाइलवर सगळे मिळते, मग पाठ कशाला, असे कोणी म्हणेल. शोधायला आधी शंका यावी लागते. मृतसाठा हा शब्दच ज्याला ठाऊक नाही, तो ‘उजनी कोरडी पडली’ हा फिरता संदेश तसाच पुढे पाठवतो. दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो: पोलीस भरतीत, तलाठी परीक्षेत सगळ्या राज्याचे आणि देशाचे विचारतात, गावचे शिकून मार्क कसे मिळणार? राज्याचे प्रश्न काढून टाका असे मी म्हणत नाही. दहातले तीन-चार प्रश्न जिल्ह्याचे असावेत, एवढेच मागणे आहे. ज्याला उजनीचा साठा समजला, त्याला कोयनेचा आणि जायकवाडीचा समजायला वेळ लागत नाही. शिवाय ज्या घरात पुस्तके नाहीत पण यंत्रमाग आहे, विडीचे सूप आहे, डाळिंबाची बाग आहे, तिथल्या मुलीला अशा प्रश्नांत पहिल्यांदाच बरोबरीने हात वर करता येतो. निव्वळ राजधान्यांच्या परीक्षेत तिच्यावर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण शिक्षकांची आहे. जिल्ह्याचे प्रश्न तयार मिळत नाहीत आणि ऐकीव माहितीवर काढले तर चुका पक्क्या होतात, कारण आठवून पक्के होण्याचा नियम चुकीलाही लागू आहे. त्यासाठी जिल्ह्याचे गॅझेटियर आहे. सोलापूरचा पहिला खंड १८८४ साली छापला गेला. जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे आकडे आहेत, गावोगावची वाचनालये आहेत. पहिली ते आठवीसाठी राज्याने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, त्यामुळे वेळेचीही सोय आहे. मुख्याध्यापकांना आणि पुरवण्यांच्या संपादकांना माझी विनंती आहे की, येत्या शनिवार-रविवारच्या प्रश्नांत किमान तीन सोलापूर जिल्ह्यातले घाला, त्यातल्या एकाची सुरुवात ‘का’ने करा, आणि उत्तर छापताना ते कुठे तपासले तेही छापा.