अर्नो नदीकाठची छत्री

भूमध्य समुद्रातील आमच्या जलप्रवासात जून महिन्यातील एका सकाळी जहाज इटलीच्या लिव्होर्नो बंदराला लागले. बहुतेक सहप्रवाशांचा बेत ठरलेला होता: पिसाचा कलता मनोरा, फ्लोरेन्स शहरात एक फेरफटका आणि सायंकाळी परत. आमच्या घरात मात्र आदल्या रात्रीपासून मतभेद होता. वहिनींना व मुलांना मनोरा हवा होता. धाकट्या बंधूंना फ्लोरेन्सशेजारच्या प्रातो या कापडनगरीत जायचे होते. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा उद्योग तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इचलकरंजीच्या सूतव्यापाऱ्याला त्याची ओढ वाटावी, हे साहजिकच. ७५ वर्षांच्या अण्णांची मागणी एकच होती : "राजाराम महाराजांची छत्री पाहायची. बाकीचं तुम्ही ठरवा." अण्णांनी असे म्हटल्यावर आमच्याकडे पुढे चर्चा होत नाही.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात फ्लोरेन्स येथे आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे २० वर्षे. तेथे तेव्हा दहनाची रीत नव्हती. बरोबरच्या मंडळींनी आपल्या धर्माप्रमाणे अंत्यविधी व्हावा असा आग्रह धरला, खास परवानगी मिळाली आणि अर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. प्रवासात महाराजांनी लिहिलेली रोजनिशी पुढे १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तर १८७४ मध्ये संगमावर छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. आपल्या कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच कल्पनेतून उतरला.

गुडघेदुखीमुळे आई जहाजावरच थांबली. लिव्होर्नोहून फ्लोरेन्स सुमारे ९० किलोमीटर. आगगाडी पिसावरूनच जाते, तेव्हा परतताना मनोरा पाहू, असे मुलांना आश्वासन दिले. फ्लोरेन्सला उतरून टॅक्सीने कॅशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला गेलो. उद्यान नदीकाठाने तीन किलोमीटरांहून अधिक लांब पसरले आहे. पायी जाण्याचा मोह ज्येष्ठांनी टाळावा.

झाडांच्या सावलीत चार खांबांवरील छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. डोक्यावर पगडी, अंगावर अलंकार, चेहरा कोवळा. हे शिल्प फुलर या इंग्रज शिल्पकाराचे. वरच्या बाजूने मोठ्या पुलावरील वाहनांचा आवाज सतत येत होता. १९७८ साली पूर्ण झालेल्या त्या पुलालाही तेथील लोक ‘इंडियानो’च म्हणतात. अण्णा छत्रीपेक्षा नद्यांकडेच अधिक वेळ पाहत राहिले. "आपल्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तसंच हे," एवढेच ते बोलले. आदल्या रात्रीपासून रुसलेल्या पुतण्याने शिलालेखावरील साल मोजून वय काढले, तेव्हा तो एकदम गप्प झाला. तोही यंदा विसाव्या वर्षात आहे.

खरी अडचण परतताना आली. आणणारी टॅक्सी आम्ही सोडून दिली होती आणि त्या टोकाला दुसरे वाहन नव्हते. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईंनी आपल्या फोनवरून टॅक्सी बोलावून दिली, तोवर ठरवलेली गाडी निघून गेली होती. पुढची गाडी मिळाली, परंतु पिसाला उतरणे आता शक्य नव्हते. वहिनी काही बोलल्या नाहीत. ते बोलण्याहून जड होते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, आपल्या आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. सहा वाजता जिना बंद होणार आणि आई आत एकटी, या विचाराने मी घड्याळावरची नजर काढू शकलो नाही. आम्ही सहाला दहा मिनिटे असताना पोहोचलो.

आई वरच्या मजल्यावर कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती. जेवणाची चिंता तिने केव्हाच मिटवली होती. नोंदणीच्या वेळी ‘जैन भोजन’ लिहून दिले म्हणजे काम झाले, असे वाचकांनी समजू नये. आमच्यापुढे पहिल्याच रात्री कांदा-लसूण वगळलेले, पण बटाट्याचे सूप आले होते. तेव्हापासून आई रोज मुख्य वाढप्याला गाठून दुसऱ्या दिवशीचे पदार्थ स्वतः सांगत असे. भाषेची अडचण तिला कधी आली नाही. जूनमध्ये तिकडे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसाउजेडी जेवण्याचा नियम सहज पाळता आला. वरण, भात, दुधीची भाजी आणि घरून नेलेले बिनलसणीचे भडंग असा बेत होता.

पुतण्याने तिला छत्रीची छायाचित्रे दाखवली आणि महाराजांचे वय सांगितले. आईने चित्र बराच वेळ पाहिले.

"घरचं कोण होतं का त्यांच्याजवळ?" तिने विचारले.

अण्णांना ते ठाऊक नव्हते. परतल्यावर ती रोजनिशी मिळवून वाचायची, असे त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवले. मनोऱ्याचे देणे मात्र वहिनींच्या खात्यावर अजून बाकी आहे.