मंगळवारची सवलत

दिवाळीची सुटी तोंडावर आली की रायगडमधल्या तळा गावच्या घराघरांत मोबाइलवर वॉटर पार्कचं तेच ते चित्र फिरू लागतं. निळ्या पाण्यात घसरगुंडीवरून झेपावणारं हसरं चौकोनी कुटुंब, वर ठळक लाल अक्षरांत 'तिकिटावर ५० टक्के सूट', आणि पार तळाशी, चष्मा पुसून वाचावी लागेल अशी बारीक ओळ: फक्त सोमवार ते गुरुवार, शाळांच्या सुट्या व सणाचे दिवस वगळून. पोरं वरची लाल अक्षरं वाचतात. बाप खालची ओळ वाचतो आणि फोन उपडा ठेवतो.

कारण मंगळवारी जायचं कोणी? तळ्याचा माणूस भात करतो, बाजारपेठेत दुकान चालवतो, धाटाव नाही तर विळे-भागाडच्या कारखान्यात पाळ्या करतो, किंवा मुंबईला चाकरी करून सणासुदीला घरी येतो. पोरांची शाळा मे महिन्यात आणि दिवाळीत सुटते. पार्काची तिकिटं चढतात तीही नेमकी मे महिन्यात, दिवाळीत, नाताळच्या आठवड्यात आणि शनिवार-रविवारी. ती उतरतात कधी? पावसाळ्यात, म्हणजे लावणीला माणूस मिळत नसतो तेव्हा; आणि मधल्या वारी, म्हणजे पोरगं वर्गात आणि बाप पाळीवर असतो तेव्हा. ज्याला वाटेल त्या दिवशी रजा टाकता येते, त्याला तिकीट स्वस्त. ज्याची सुटी दुसऱ्याच्या हातात, त्याला पूर्ण दर. आणि या दुसऱ्या माणसाचा खिसा बहुधा पहिल्याहून हलका असतो.

यात कोणी लबाडी करतो असं म्हणायचं नाही. पाळणा वीस जणांना घेऊन फिरो की पाच जणांना, वीज जवळजवळ तेवढीच लागते आणि चालवणाऱ्याचा पगारही तेवढाच. आजची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही, म्हणून ती आज पडेल त्या भावाला काढायची. विमानवाले हेच करतात, हॉटेलवाले हेच करतात. आमचा आक्षेप या हिशोबाला नाही. त्याला 'सवलत' म्हणून उपकाराचा टिळा लावण्याला आहे. सवलत म्हणजे काय हे पाहायचं असेल तर तळ्याच्या एसटी स्टँडवर जावं. १७ मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट, आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं. पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं. ही सवलत रविवारी मिळते, गौरी-गणपतीत मिळते, भाऊबीजेलाही मिळते. तिथे तुम्ही कोण आहात हे विचारतात. पार्काच्या खिडकीवर तुम्ही कधी येता हे विचारतात.

तिकीट कुठे आणि कशाचं घ्यायचं हा वाद तसा जुना आहे. आपल्या जत्रेत आत शिरायला पैसे पडत नाहीत; आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू नावाच्या गृहस्थाने स्टीपलचेस पार्क उघडलं आणि पुढे दारावरच २५ सेंट घेऊन आतले खेळ एका तिकिटात देण्याची रीत रुजवली. वॉल्ट डिझ्नीने १९५५ मध्ये आपल्या डिझ्नीलँडला उलट केलं: दारावर एक डॉलर आणि प्रत्येक पाळण्याचं कुपन निराळं. ती कुपनांची पुस्तकं १९८२ मध्ये बंद झाली आणि एकच तिकीट आलं. मधल्या काळात वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याच डिझ्नीलँडवर एक निबंध लिहिला, तो आजही विद्यार्थ्यांना शिकवतात. प्रश्न साधा होता: एकट्याचं दुकान असलेल्याने पैसे दारावर घ्यावेत की पाळण्यावर? ढोबळ उत्तर असं की दोन्हीकडे घेता येतात, फक्त गिऱ्हाईक बघून प्रमाण ठरवायचं. ज्या दारावर दर उतरलेला दिसतो, त्याच्या आत कुठेतरी तो चढलेला असणार, एवढं आपण त्यातून उचललं तरी पुरे.

आत तो कुठे चढतो हे वॉटर पार्कला एकदा जाऊन आलेल्या कोणत्याही आईला विचारा. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात. नसले तर भाड्याने, वर अनामत. चपला-पिशव्या ठेवायला लॉकर, त्याचं भाडं, त्याची अनामत. अनामतीची पावती ओल्या हातात कुठे ठेवायची हा आणखी एक प्रश्न, कारण ती हरवली की परत मिळायचं ते गेलं. दारावर पिशवी उघडून बघतात आणि पहाटे उठून केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, चिवडा, उकडलेली अंडी बाजूला काढायला लावतात. मग दुपारी पाण्यातून भुकेलेली पोरं बाहेर येतात तेव्हा आत मिळेल ते, मिळेल त्या भावाने. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क मालकाला आहे, पण प्यायचं स्वच्छ पाणी फुकट ठेवलं पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. तो चित्रपटगृहांबद्दलचा आहे. म्हणून पार्कात पाण्याचा नळ कुठे आहे हे दारातच विचारून ठेवावं. आणि बंद बाटलीचा छापील दर पार्कासाठी वेगळा असू शकत नाही: एकाच मालावर दोन ठिकाणी दोन कमाल किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे.

आता तिकिटाकडे वळू. समजा जाहिरातीत लिहिलंय ९९९ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी बसला की झाले ११७८ रुपये ८२ पैसे. चौघांचे ३९९६ धरून निघालेल्या बापाला ४७१५ मोजावे लागतात. जवळजवळ सातशे वीस रुपयांचा फरक, आणि त्यात अजून 'सुविधा शुल्क' आलेलंच नाही. मनोरंजन पार्कांवर १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला तो २८ टक्क्यांचा. पार्कवाल्यांनी गाऱ्हाणं घातल्यावर जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. कर सरकार घेतं, त्यात पार्काचा दोष नाही. पण तो कर पहिल्या पानावर न दाखवता शेवटच्या पानावर, ओटीपी मागायच्या क्षणी दाखवायचा, ही मात्र युक्ती आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. पैसे थेंबाथेंबाने वाढवत नेणं त्या यादीत आहे. न मागितलेला विमा किंवा देणगी हळूच बिलात सरकवणं आहे. 'फक्त तीनच तिकिटं शिल्लक' अशी खोटी घाई लावणंही आहे. नियम झाला म्हणून युक्त्या थांबल्या असं नाही. पण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि तक्रार करायला पडद्याचा फोटो काढून ठेवलेला असला तर बोलणं सोपं जातं. सुटीच्या गडबडीत हे कोण करतो, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे; त्या गडबडीवरच तर सगळं चाललंय.

दारावरचा खरा तमाशा उंचीच्या पट्टीपाशी असतो. एसटी पोराचं वय विचारते, पार्क पोराची उंची मोजतं. त्यामुळे पट्टीजवळ आलं की आई हळूच सांगते, "बाळा, गुडघे जरा मुडप." आणि तेच पोरगं आत गेल्यावर मोठ्या घसरगुंडीच्या पट्टीपाशी टाचा उंच करून उभं राहतं, कारण तिथे उंची कमी पडली तर चढू देत नाहीत. दारावर वाचवलेले दोन-तीनशे रुपये आणि घसरगुंडीवरचे अश्रू, दोन्ही त्याच दिवशीचे. आमच्या मते इथे चोरी करू नये, आणि ती नीतीच्या कारणाने नव्हे: आतली पट्टी पोराच्या हाडांसाठी लावलेली असते, गल्ल्यासाठी नव्हे.

रायगडवाल्यांच्या नशिबी आणखी एक गंमत आहे. समुद्र आपल्याकडे, आणि तिकीट काढून अनुभवायच्या लाटा डोंगराच्या पायथ्याशी. मुंबईकरांच्या एका पिढीला पार्क म्हटलं की गोराई आठवते: १९८९ चं एस्सेल वर्ल्ड, १९९८ चं वॉटर किंगडम, खाडी ओलांडायची लाँच, तिथे निदान खाऱ्या वाऱ्याचा वास तरी यायचा. एस्सेल वर्ल्डचे पाळणे काही वर्षांपूर्वी थांबले. आता तळ्याहून जवळचं म्हणजे खालापूर तालुक्यातलं, खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका. २०१३ मध्ये पाळणे आले, पुढच्या वर्षी वॉटर पार्क. इंदापूर, कोलाड, वाकण फाटा, पाली असं करत तिथे जायचं. तोच माणूस उलट्या दिशेला मांदाड-आगरदांडा रस्त्याने निघाला तर मुरूडचा समुद्र गाठतो, आणि तिथल्या लाटांना जीएसटी नाही.

मग फुकटचा समुद्र सोडून पैसे टाकून लाटा कशाला, असं काही जाणती मंडळी विचारतात. त्यांना फेब्रुवारी २०१६ ची आठवण द्यावी लागते. पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले. समुद्राला दार नाही, तिकीट नाही, आणि ओहोटीची ओढ बाहेरच्याला दिसत नाही. पार्काच्या तिकिटात घसरगुंडीखेरीज एक शिटीवाला येतो, जो पोरगं खोल पाण्याकडे सरकलं की ओरडतो. बायकांना दार लागणारी, कपडे बदलायची खोली येते. या एका गोष्टीसाठी आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत किनाऱ्यापेक्षा पार्काला पसंती मिळते, हे पुरुषमंडळींच्या ध्यानात येत नाही. काशीद-मुरूडला वाळूवर उभं राहून बनाना राइडच्या दरात घासाघीस होते, आणि ती जरूर करावी. पण लाइफ जॅकेटचा पट्टा तुटका निघाला तर दर कितीही उतरला तरी माघारी फिरावं.

आता पैसे वाचवायचेच असतील तर तळ्यासारख्या गावाकडे एक हुकमी पत्ता आहे, आणि तो कोणत्याही कुपनापेक्षा वजनदार आहे: इथे माणसं एकमेकांना ओळखतात. शहरातलं चौघांचं कुटुंब चौघांचंच राहतं. इथे एक आळी, एक बचत गट, एक मुंबईकर मंडळ उठलं की तीस-चाळीस डोकी जमतात. पार्कांचे गटाचे दर वेगळे असतात, आणि ते नेहमीच जाहिरातीत नसतात. फोन करून मागावे लागतात. सुटीतला मधला वार धरला, एकाने फोनवर बोलणं केलं आणि दुसऱ्याने पैसे गोळा केले, तर सुटीतही दर खाली येऊ शकतो. शाळांचे दर त्याहून निराळे, शिवाय शाळेच्या सहलीला एसटीची गाडी निम्म्या भाड्यात मिळते. फोनवर विचारायचं ते इतकंच: करासकट शेवटचा आकडा किती, जेवण धरून की सोडून, कपडे-लॉकरची अनामत रोख की ऑनलाइन, आणि पावसामुळे पाळणे थांबले तर पैसे परत, की दुसरी तारीख, की काहीच नाही. उत्तरं तोंडी घेऊ नयेत, व्हॉट्सॲपवर लिहून मागावीत.

आणि एक मागणी पार्कवाल्यांकडे. डिझ्नीवाले दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आणि फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी वेगळी, कमी दराची तिकिटं काढतात. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला सवलतीचा मासिक पास मिळतो. रायगडच्या जमिनीवर, रायगडच्या पाण्यावर चालणाऱ्या पार्काने रायगडच्या आधार कार्डाला एक दर लावावा, आणि तो दर मे महिन्यात व दिवाळीतही चालावा. मंगळवारचा असेल तर नको. 

तोवर ज्यांना या सुटीत जायचंच आहे त्यांनी नायलॉनचे कपडे घरून न्यावेत, भाकऱ्या रस्त्यात पालीला गणपतीचं दर्शन झालं की तिथेच सोडून खाव्यात, आणि आजी बरोबर असली तर तिचं आधार कार्ड पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवावं. एसटीचा कंडक्टर ते मागतो.