झाकून ठेवलेली गाडी

स्पोर्ट्‌स कार ही मिरवण्याची वस्तू. ती रोज कचेरीला नेणे हा निव्वळ माज, असे आपल्या बऱ्हाणपुरातील जाणती मंडळी म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही.

गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’चेच उदाहरण घ्या. दोन आसने, फायबरग्लासची हलकी बॉडी आणि ११४९ सी.सी.चे रेनॉचे इंजिन. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सी.सी.चे होते. या दोहोंत राक्षस कोणता? शनवाऱ्याच्या गर्दीतून अशी गाडी रोज सुखाने जाईल. गतिरोधकावर तिचे पोट घासेल, हा आक्षेप खरा. पण त्यावर सावकाशी हाच उपाय आहे.

खरा माज आच्छादनाखाली असतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका बाजूला चपटतात, रबर सुकते, पेट्रोल शिळे होते. वापराने वस्तू झिजते. न वापरल्याने ती कुजते. मोगलकालीन कुंडी भंडाऱ्यातून आजही पाणी वाहते; त्याला कोणी शोभेची वस्तू करून ठेवले नाही.

पण आपली खोड जुनी आहे. पैठणी पेटीत, चांदी कुलपात आणि मराठी गणेशोत्सवापुरती! आम्ही म्हणतो, जे उत्तम आहे ते रोज रस्त्यावर आणा.