पडदा नसलेला बार

मुंबईतल्या परमिट रूमला सहसा खिडकी नसते. असलीच तर तिच्या काचेवर काळी फिल्म चिकटवलेली असते, दाराला जाड पडदा असतो आणि आत भरदुपारीही रात्र असते. दादर, परळ, ठाणे, कुठेही जा. लहानपणी अशा दारावरून जाताना आई माझा हात घट्ट धरायची आणि चालण्याचा वेग वाढवायची. दार क्षणभर उघडलं तर गार हवा, सिगरेट आणि तळलेल्या बोंबलाचा वास एकदम बाहेर यायचा. आत काय चालतं ते दिसायचं नाही. दिसू नये अशीच सगळी व्यवस्था होती.

म्हणून वांद्र्याच्या एका गावठाणातल्या या छोट्या कॉकटेल बारबद्दल लिहायचं, तर सुरुवात त्याच्या खिडकीपासून करायला हवी. ती थेट गल्लीत उघडते. आतल्या बाजूला एक लाकडी फळी आणि तीन उंच स्टुलं आहेत. तिथे बसलं की गल्लीतून स्कूटर नेणाऱ्याला आपला चेहरा दिसतो आणि आपल्याला त्याचा. समोरच्या कोपऱ्यावर क्रूस आहे, त्याला झेंडूची माळ असते. वांद्र्यात असे क्रूस गल्लोगल्ली दिसतात. 1896 च्या प्लेगच्या साथीत रक्षणासाठी त्यातले कितीतरी उभारले गेले. बाजूच्या घराचा लाकडी जिना बाहेरून वर जातो आणि त्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बायका मासळीच्या भावाबद्दल बोलत बसतात. बार या सगळ्याच्या मध्ये आहे. त्याला मोठी पाटी नाही, दारात धिप्पाड बाउन्सर नाही, आणि गाणी इतक्या हळू वाजतात की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत नाही.

आत काउंटरला आठ जण बसतात, भिंतीलगत चार टेबलं आहेत. बस्स. ड्यूटी संपवून आलेल्या दोन नर्स, कुत्र्याला फिरवून आणणारे एक निवृत्त प्राध्यापक, कधी लॅपटॉप मिटून आलेली कोणी मुलगी. मी बहुतेक वेळा एकटीच जाते, आणि माझ्यासाठी या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई एकटी बारमध्ये शिरली तर मुंबईतसुद्धा पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, कोणी येणार आहे का?’ दुसरं वाक्य असतं, ‘फॅमिली रूम वर आहे.’ ती फॅमिली रूम म्हणजे पोटमाळ्यावरची, प्लायवूडचे कप्पे केलेली जागा. तिथे बाईला जागा मिळते ती कुणाची तरी बायको, बहीण, वहिनी म्हणून. इथे मी पहिल्यांदा आले तेव्हा काउंटरमागच्या मुलाने पाण्याचा ग्लास समोर ठेवला आणि विचारलं, ‘आंबट आवडतं की कडवट?’ एवढंच. मला त्या प्रश्नाचा इतका आनंद झाला की उत्तर द्यायला वेळ लागला.

हा मुलगा कुडाळजवळचा आहे. माझं आजोळ त्याच बाजूचं आहे हे कळल्यावर ‘मॅडम’ची ‘मावशी’ झाली. त्याच्या हाताकडे बघत बसणं हा माझा आवडता उद्योग आहे. तो बर्फावर जितकी मेहनत घेतो तितकी बाटल्यांवर घेत नाही. घरच्या फ्रीजमधला बर्फ मधोमध पांढरट असतो, कारण पाणी सगळीकडून गोठत आत सरकतं आणि विरघळलेली हवा नि क्षार मध्यभागी कोंडले जातात. तो पाणी जाड भिंतींच्या डब्यात, वर झाकण न लावता गोठवतो. मग थंडी फक्त वरून खाली उतरते, हवा आणि क्षार तळाशी ढकलले जातात. तळाचा गढूळ थर करवतीने कापून टाकला की उरतो तो आरपार दिसणारा ठोकळा. मोठा ठोकळा सावकाश वितळतो, पेय शेवटपर्यंत पातळ होत नाही. लिंबू असेल तर तो शेकर जोरात हलवतो. नुसती मद्यं मिसळायची असतील तर लांब चमच्याने शांतपणे ढवळतो. दोन्ही वेळा बर्फाचं थोडं पाणी पेयात उतरतंच, आणि किती उतरू द्यायचं तेच खरं कसब. मद्याचं माप मात्र तो कधीच अंदाजाने ओतत नाही. सोनार गुंज तोलतो तशी त्याची नजर मापाच्या कडेवर असते.

मी घेते ते पेय काजूच्या फेणीचं आहे. फेणी, कोकमाचं आगळ, थोडा गूळ आणि तिरफळं टाकून उकळलेलं पाणी. पहिल्या घोटाला जिभेला तिरफळाची झिणझिण येते, बांगड्याच्या आमटीत येते तीच. मग कोकमाचा आंबटपणा, आणि घोट गिळल्यावर मागून फेणीचा तो उग्र, पिकल्या बोंडूचा वास. हा वास अनेकांना सोसत नाही. मला तो वैशाखातल्या आजोळच्या परड्यात नेऊन सोडतो. फेणी ही गोव्याची. 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला आणि गोव्याने त्याच्या बोंडूची दारू केली. पहिल्या धारेची हलकी ती हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. दोडामार्गची हद्द ओलांडून अलीकडे आलं की झाड तेच, माती तीच, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जातीही नावाजलेल्या, पण बोंडूचं मोल शून्य.

‘मावशी, आमच्याकडे बी काडतत आणि बोंडू टाकून देतत,’ तो एकदा लिंबू पिळता पिळता म्हणाला. ‘झाडाखालीच कुसान जातत.’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला राग आला. अजून येतो. कोकणातली पोरं मुंबईत येऊन गोव्याच्या बोंडूची फेणी मापून देतात आणि त्यांच्या स्वतःच्या बागेतला बोंडू सडतो. पारंपरिक भट्टीला कायद्याच्या चौकटीत आणून, तपासणीची शिस्त लावून, सिंधुदुर्गाचं स्वतःचं पेय का असू नये?

थंडीच्या दिवसांत इथे एक गरम पेयही मिळतं, आणि ते या गावठाणाचंच आहे. ईस्ट इंडियन लोकांचं खिमाड. हे मुंबई-वसईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बाहेरून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला त्यांनी हे नाव घेतलं. त्यांच्या लग्नघरात दारूत मसाले आणि साखर घालून गरम केलेलं खिमाड छोट्या पेल्यातून फिरतं. बार चालवणारी बाई याच वस्तीतली आहे; खिमाडाचं प्रमाण तिला तिच्या आजीकडून मिळालं. आजीचं नाव निघालं की ती थोडी थांबते, कारण आजी ‘आंटी’ होती.

‘आंटी’ म्हणजे काय ते जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर वांद्रे, माहीम, धोबीतलावच्या घराघरांत हे अड्डे चालायचे. पुढच्या खोलीत दोन बाकं, आतल्या खोलीत मोरीजवळ लपवलेला माल, बशीत उकडलेली अंडी. नवरा गेलेल्या, नोकरी नसलेल्या कितीतरी बायकांनी त्यावर मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या. पोलिसांचा हप्ता वेगळा. त्या बायकांना सिनेमाने हसण्यावारी नेलं. जाड्या, फ्रॉक घातलेल्या, तोडकंमोडकं हिंदी बोलणाऱ्या. मला त्या संसार ओढणाऱ्या बायका वाटतात. आज त्यांची नात परवाना भिंतीवर लावून, खिडकी उघडी ठेवून, कर भरून तोच व्यवसाय करते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कायदा मात्र अजून तोच आहे. साठच्या दशकापासून बंदी सैल झाली, पण दारू पिणाऱ्याला महाराष्ट्रात आजही परवाना लागतो. बारमध्ये एका दिवसाचा मिळतो, हजार रुपयांत जन्मभराचा. तो दिला जातो ‘आरोग्य राखण्यासाठी’. बंदीच्या काळात डॉक्टरचा दाखला दाखवून मिळणाऱ्या परवान्याचाच हा वारस. म्हणजे राज्याच्या नोंदीत पिणारा माणूस अजूनही आजारी आहे, आणि आजाऱ्याला पडद्याआड ठेवायचं असतं.

या पडद्याने भलं काय झालं? लपून प्यायचं म्हणजे भराभर प्यायचं. गुत्त्यासमोर उभ्याउभ्या क्वार्टर संपवायची, तोंडात बडीशेप टाकायची आणि घरी जायचं. त्याहून वाईट म्हणजे अंधारात काय विकलं जातंय ते कुणी तपासत नाही. जून 2015 मध्ये मुंबईतल्याच मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल होतं त्यात. त्याचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसांवर उठतं. अशा दारूतून जे वाचतात त्यातल्या कितीतरी जणांची दृष्टी जाते.

हे लिहिताना समोर दुसऱ्या बायका दिसतात आणि त्यांना टाळून मला पुढे जाता येत नाही. गावच्या मतदानात आडवी बाटली निवडून आणून दारूचं दुकान बंद करणाऱ्या बाया. 2010 च्या हिवाळ्यात दारूबंदी मागत चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेलेल्या बाया. 2015 साली चंद्रपुरात बंदी आली ती त्यांच्या पायांनी, 2021 साली ती उठली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. मजुरीचा दिवस, नवऱ्याची वाट, रिकामा डबा आणि मग मार, हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या पाठीवर पाहिलं आहे. त्यांनी उद्या आमच्या वॉर्डात मतदान मागितलं आणि त्यांच्या गल्लीतल्या गुत्त्याचा प्रश्न असला, तर मी आडव्या बाटलीवरच शिक्का मारेन. आणि संध्याकाळी या खिडकीपाशी येऊन बसेन. मला यात विसंगती दिसत नाही. त्या बायांना जे नको आहे तेच इथे नाही: अंधार, घाई, मोजदाद नसलेली दारू आणि बाईला हाकलणारी जागा. नशेत चढलेला आवाज इथे फार टिकत नाही. मागे एकदा एका पाहुण्याने तिसरं पेय मागितलं तेव्हा मालकीणबाईंनी समोर सोडा ठेवला, खायला पाव आणि बॉटल मसाल्यातलं चिकन दिलं, आणि ‘आज एवढंच’ म्हणून बिल आणलं. ओळखीच्या गल्लीत हे चालतं. ज्याला थांबवलं तो उद्या सकाळी त्याच बेकरीत पावाच्या रांगेत भेटणार असतो.

पैशांचं बोलायला हवं. एक पेय आठशेच्या आसपास जातं, वर कर. हे फार आहे, आणि म्हणून अशी जागा अजून मोजक्यांचीच राहते; मला ते खुपतं. 2025 मध्ये राज्याने मद्यावरचे कर आणि परवान्याचं शुल्क वाढवलं, तेव्हा 14 जुलैला बारमालकांनी एक दिवसाचा बंदही पाळला. मोठं हॉटेल हा बोजा शंभर टेबलांवर वाटून टाकतं. आठ स्टुलांच्या जागेला तो तसाच्या तसा ग्लासात ओतावा लागतो. दारू महाग असावी हे मला मान्य आहे. पण लहान, उघड्या, नीट चालवलेल्या जागा आधी बुडाल्या तर उरतील ते एकतर पंचतारांकित बार नाहीतर गुत्ते.

मागच्या महिन्यात ठाण्याच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला घेऊन गेले. तिने आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही आणि घेणारही नाही. दारात ती जरा अडखळली, मग खिडकीजवळचं स्टूल निवडलं. ‘तुमचंच कोकम द्या, त्यातलं काही न घालता,’ तिने सांगितलं. त्याने फेणी वगळून सगळं तसंच केलं. तोच बर्फाचा ठोकळा, तेच माप, तेच तिरफळ. तिने अर्धा तास पुरवून पुरवून प्यायलं, समोरच्या जिन्यावरच्या बायकांशी पापलेटच्या भावावरून दोन शब्द बोलली, स्वतःचं बिल स्वतः दिलं आणि निघताना काउंटरपाशी जाऊन विचारलं, ‘शनिवारी किती वाजता उघडता? सुनेला आणायचंय.’