‘नैसर्गिक’ हा पुरावा नव्हे

दुकानातील चार वस्तू हातात घ्या आणि त्यांच्या वेष्टनावरील मोठी अक्षरे वाचा. चिवड्यावर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’, साबणावर ‘केमिकल-फ्री’, चेहऱ्याला लावायच्या लेपावर ‘१०० टक्के नैसर्गिक’ आणि कुत्र्याच्या बिस्किटांवरही तेच. ही विशेषणे वाचून आपण चार पैसे जास्त मोजतो. माझे म्हणणे असे की, विशेषण म्हणजे तपासणीचा निकाल नव्हे. तपासणी बऱ्याच अंशी तुम्हाला स्वतःला करता येते; मात्र ती प्रामाणिकपणे करणे वाटते तितके सोपे नाही.

‘केमिकल-फ्री’ हा शब्द आधी निकालात काढू. पाणी हे रसायन आहे, मीठही रसायनच. वेष्टनावर ३३० हा क्रमांक दिसला की काही जण दचकतात. ते असते सायट्रिक आम्ल, जे लिंबातही आहे. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. रसायनविरहित डबा हवा असेल तर आतली हवासुद्धा काढून टाकावी लागेल. आणि मग डबा तरी कशाचा करणार?

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हे बहुधा खरे असते, पण त्यात मोठेपणा फारसा नाही. शेव, चिवडा, चकली यांत पाण्याचा अंश इतका कमी असतो की बुरशीला वाढायला वावच मिळत नाही. हे पदार्थ बिघडतात ते तेल खवट झाल्यामुळे. तेव्हा मोठी अक्षरे सोडून बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचा. आपल्याकडील नियमांनुसार ज्या घटकाचे प्रमाण जास्त तो आधी लिहावा लागतो. ‘साखर नाही’ म्हणणाऱ्या लाडवाच्या यादीत गूळ दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर काय समजायचे? गूळ हीसुद्धा बहुतांशी साखरच.

आता चवीचे पाहू. लाकडी घाण्याच्या तेलातला चिवडा आपण लगेच ओळखतो, असे तुमचा एखादा मित्र छातीठोकपणे सांगेल. त्याच्याशी वाद घालू नका. आठ सारख्या वाट्या घ्या. चारांत घाण्याच्या तेलातला आणि चारांत साध्या तेलातला चिवडा ठेवा. बाकीची कृती मात्र एकच हवी. वाट्यांना क्रमांक द्या, त्यांची यादी तिसऱ्याकडे ठेवा आणि त्याला खोलीबाहेर बसवा, कारण त्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. आठांतून चार वाट्या निवडण्याचे ७० प्रकार आहेत. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळ्या बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चहाच्या आठ कपांवरून हाच विचार मांडला होता : कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे चवीवरून सांगता येते का? किती वाट्या ओळखल्या म्हणजे दावा मान्य, हे आधीच लिहून ठेवा. निकाल पाहून मग अट सैल करणे ही लबाडी आहे, आणि ती आपण नकळत करतो.

साबणासाठी हळद पुरे. कागदाच्या पट्टीला हळदीचा पातळ लेप लावून ती वाळवा. एका पट्टीवर नुसते पाणी टाका, दुसरीवर लिंबाचा रस आणि तिसरीवर चुन्याची निवळी. पहिल्या दोन पिवळ्याच राहतील, तिसरी लाल होईल. हे आधी पाहिल्याशिवाय चौथ्या पट्टीचा अर्थ लागत नाही. चौथीवर ओला साबण घासा. महागडा ‘नैसर्गिक’ साबणही तिला लाल करील. त्यात आश्चर्य नाही. तेलावर दाहक अल्कलीची क्रिया झाल्याशिवाय साबण बनतच नाही, मग ते तेल खोबऱ्याचे असो की आणखी कशाचे. पण येथे थांबा! पट्टी लाल झाली म्हणजे साबण वाईट, असे ती सांगत नाही. ती फक्त आम्लारी ओळखते. जो प्रश्न विचारला नाही त्याचे उत्तर प्रयोगातून काढू नये.

चेहऱ्याच्या बाबतीत ‘नैसर्गिक आहे, मग लावून पाहू’ ही वृत्ती मला धोक्याची वाटते. लिंबाचा रस नैसर्गिकच आहे. पण तो लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन कातडीवर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येऊ शकतात.

आणि कुत्र्यामांजरांवर तर प्रयोग करूच नका. कुत्र्याने बिस्किट आवडीने खाल्ले, यावरून फक्त त्याला ते आवडले एवढेच कळते. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे सारे पदार्थ अस्सल नैसर्गिक! येथे यादी वाचणे आणि शंका आल्यास पशुवैद्यांना विचारणे, हीच तपासणी.

शिक्षकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात ‘भेसळ ओळखा’ हा तक्ता दरवर्षी असतो. त्यावर ‘घरी ओळखता येत नाही’ असाही एक रकाना ठेवावा. बांगलादेशात हळदीला उजळ पिवळा रंग यावा म्हणून तीत लेड क्रोमेट मिसळत असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. शिशाला वेगळी चव नाही, वास नाही. ते सापडले प्रयोगशाळेत. मग तेथील सरकारने बाजारात तपासणी व दंड सुरू केला, वृत्तपत्रांनी बातम्या दिल्या आणि २०२१ पर्यंत तेथील बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांत ही भेसळ आढळेनाशी झाली. हळदीची ती पूडही दिसायला शुद्ध आणि नैसर्गिकच होती.