महापौरांना अधिकार द्या

नाना चुडासामा ‘जेसीज’ या सेवा क्लबाच्या मुशीत घडले. 1972 मध्ये त्यांनी मुंबईत ‘जायंट्स’ ही सेवासंस्था उभारली आणि पुढे ते शहराचे नगरपाल (शेरीफ) झाले. मरीन ड्राइव्हवरच्या उपाहारगृहावर झळकणारा, दोन ओळींत सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारा त्यांचा फलक मुंबईकरांनी वर्षानुवर्षे वाचला. नगरपालपद मोठ्या मानाचे खरे, पण त्याला ना निधी ना अधिकार. महापौरपद तरी कुठे वेगळे आहे? नाल्यातला गाळ निघाला नाही तर महापौर पाहणी करतात. कंत्राटदाराला दंड ठोठावायचा तो आयुक्तांनी. 1888 च्या कायद्याने कारभार आयुक्तांच्या हाती दिला आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या पुढे गेला. एवढ्या खर्चाबद्दल मतदार ज्याला थेट घरी बसवू शकेल, असा एकही माणूस नाही.

याउलट अमेरिकेतल्या अटलांटात इव्हान ॲलन घरचा कार्यालयीन साहित्याचा व्यवसाय सांभाळत होते आणि शहराच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. 1961 मध्ये लोकांनी त्यांना थेट महापौर केले. पदभार घेताच त्यांनी नगरभवनातल्या वर्णभेदाच्या पाट्या उतरवल्या. त्याच ॲलन यांनी 1962 च्या अखेरीस शहरातल्या पेटन रोडवर अडथळे उभारून कृष्णवर्णीय कुटुंबांची वाट अडवली. न्यायालयाने ते हटवायला लावले. चूक कोणाची, हे सगळ्या शहराला ठाऊक होते. 1963 मध्ये ॲलन यांनी वॉशिंग्टनला जाऊन नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने साक्ष दिली आणि 1965 मध्ये ते पुन्हा निवडून आले. अधिकार असलेला माणूस चुकतो, पण त्याची चूक लपत नाही आणि ती सुधारून घेता येते.

थेट निवडणुकीत चुडासामांसारखी सेवा क्लबांत घडलेली माणसेही महापौरपदासाठी उभी राहतील. पण सेवा क्लब म्हणजे सुखवस्तूंची मंडळी, त्यांना झोपडपट्टीतला पाणीप्रश्न काय कळणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे, आणि म्हणूनच अशा माणसाला नेमणुकीने मान देण्याऐवजी धारावीत, मानखुर्दमध्ये मते मागायला लावले पाहिजे. महापौर आणि त्यांच्या मंडळाकडे कारभार सोपवणारी, मुंबईत 1998 मध्ये आणलेली ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धत वर्षभरात गुंडाळावी लागली, याचाही दाखला देतात. पण तेव्हाचे महापौर नगरसेवकांनी निवडलेले होते. लोकांचा थेट कौल त्यांच्यामागे नव्हता. थेट निवडीने एकाधिकारशाही येईल, ही भीती मात्र गंभीर आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे खर्चावर करडी नजर ठेवणारी स्थायी समिती, आणि ती आपल्याकडे आहेच.

नगराध्यक्षांची थेट निवड राज्याने 2016 मध्ये पुन्हा आणली, 2020 मध्ये रद्द केली, 2022 मध्ये परत आणली. प्रत्येक वेळी हिशेब पक्षांचा होता. तरीही आज छोट्या शहराचा मतदार आपला नगराध्यक्ष स्वतः निवडतो. मुंबई, पुणे, नागपूरच्या मतदाराला तो हक्क नाही. राज्य सरकारने महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून महापौरांची थेट निवड आणि कार्यकारी अधिकार या दोन्ही गोष्टी एकत्र द्याव्यात. अधिकाराविना नुसती थेट निवड दिली, तर ती मतदाराची फसवणूक ठरेल.